नळीतला दुसरा माणूस

फोन वाजला तेव्हा चष्मेवाल्याच्या ओठांत दोन स्क्रू होते. मोहरीच्या दाण्याएवढे, हातातून सुटले तर सबंध दुपार खाणारे. समोर एक आजोबा आपला मोडका चष्मा त्याच्या स्वाधीन करून डोळे किलकिले करत बसले होते. दोन्ही हात फ्रेमच्या काडीत गुंतलेले, म्हणून त्यानं फोन कसाबसा उचलून मानेखाली दाबला आणि "हं" म्हटलं. ओठ मिटलेले असले की माणसाला एवढंच बोलता येतं. पलीकडे जनुक तपासणीच्या प्रयोगशाळेतली मुलगी होती, घाईघाईनं पण गोड बोलणारी. "काका, काकूंचा नमुना परत घ्यावा लागणार आहे." "हं?" "घाबरू नका, आजाराचं काही नाही. पण नळीत एकट्या काकूंची लाळ नाहीये. दोन माणसांची आहे. दुसरा पुरुष आहे." हे ती ज्या सुरात म्हणाली त्या सुरात लोक पत्ता चुकल्याचं सांगतात. मग तिचं तिलाच काहीतरी जाणवलं असावं. "म्हणजे घरी नमुना घेतला की होतं असं कधीकधी. कुणाचा उष्टा पेला, किंवा आधी कुणाशी अशी... जवळीक वगैरे. तुम्ही काकूंना घेऊन इकडेच या ना, उद्या-परवाच या. डॉक्टर रिपोर्टसाठी अडून बसलेत." "हं," तो म्हणाला. फोन बंद झाला. त्यानं एक स्क्रू ओठांतून काढून बसवला आणि दुसरा काढताना पाडला. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याचा स्क्रू असा कधी पडला नव्हता. आजोबा बिचारे चष्म्याशिवाय त्याच्याबरोबर जमिनीवर ओणवे होऊन शोधू लागले.

पुरुष आहे. हा एवढाच शब्द दुकानात मागे राहिला आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांच्या मधूनमधून फिरत राहिला. नंबर काढताना समोरच्याच्या डोळ्यावर एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "आता बरं, की आधी?" हा त्याचा दिवसभराचा मंत्र. आज त्याला उत्तरंच ऐकू येत नव्हती. त्याच प्रश्नावरून हृदयाच्या डॉक्टरांशी त्याचं बोलणं झालं होतं. बायकोचं हृदय एका मोठ्या तापानंतर सैल पडलं होतं, मोठं झालं होतं आणि दमलं होतं. त्याला विसावा देणारी एक गोळी तिला इतकी वर्षं चालू होती, आणि तरी प्रत्येक तपासणीत हृदय आपलं जिथल्या तिथे, नाहीतर आणखी एक पायरी खाली. डॉक्टर म्हणाले होते, "काही जणांचं शरीर ही गोळी इतक्या झपाट्यानं मोडून टाकतं की कामाला लागायच्या आत ती संपलेली असते. ते जनुकांवरून कळतं. तसं निघालं तर दुसरी गोळी देऊ, शरीर जिला अशी मोडत नाही. नाही निघालं, तर हीच वाढवू." तो म्हणाला, "मग दोन्ही देऊन बघा की. आम्ही काचा बदलून बघतो तसं." डॉक्टर हसले. "तुमचं गिऱ्हाईक तिथल्या तिथे सांगतं. हृदय सांगायला महिने लावतं, आणि यांच्याजवळ चुकायला तेवढे महिने नाहीत." डॉक्टरांचं हे 'यांच्याजवळ' त्याला आवडलं नव्हतं. तिची छाती ऐकताना ते डोळे मिटून घेत तेही त्याला आवडत नसे. पण डॉक्टरांचा मत्सर करायचा म्हणजे हद्दच झाली, असं म्हणून त्यानं तो आजवर मनातल्या मनात दाबला होता.

आता दाबायला काही उरलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि चष्मेवाल्याच्या मनाला तर बारकावे बघायची जन्माची सवय. त्यानं आधी स्वतःला वगळलं. ते सोपं होतं. आजारानंतर ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा 'जपा' एवढंच कुणीतरी त्याला म्हणालं होतं, आणि तो जपत गेला होता. त्यानं पलंग वेगळे केले, तिच्या डोक्याखाली उशा वाढवल्या, खिडक्या तो लावी, बाटल्यांची झाकणं तो उघडी. सकाळची गोळी तर स्वतःच्या हातानं तिच्या तळव्यावर ठेवल्याशिवाय त्यानं कधी दुकानाचं कुलूप काढलं नाही. सुरुवातीला, पलंग वेगळे व्हायच्या आत, एकदा ती उशीवरून सरकत त्याच्याजवळ आली होती, आणि त्यानं तिला खांद्याला धरून परत नीट निजवलं होतं. "दम लागेल," तो म्हणाला होता. तिनं पांघरूण ओढून घेतलं. पुन्हा सरकलीही नाही. पुढे कपाळाला ओठ टेकवणंही सुटलं, ताप बघायला हात पुरतो. म्हणजे नळीतला पुरुष हा तो नव्हे. हे इतकं सरळ होतं की त्याला या हिशेबाची लाजही वाटली नाही.

मग राहिला खर्ज. हे नाव तिनंच ठेवलेलं, कौतुकानं. गायनमंडळात सगळ्यात खालच्या पट्टीत गाणारा, दाराची चौकट भरून टाकणारा माणूस. आजारापूर्वी ती त्या मंडळात वरच्या पट्टीत गायची आणि घरी आली की स्वयंपाकघरात भांड्यांवर सूर धरायची. आजारानं ते थांबलं. चष्मेवाल्याला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, निदान तसं तो सगळ्यांना सांगायचा. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी दुकान बंद करून घरी यावं आणि ती घरातच असावी, यात त्याला एक गुपचूप सुख होतं. आजारी का होईना, ती सगळीच्या सगळी आपली. पण या वर्षी तिनं पुन्हा तालमीला जायचा धोशा लावला. "गात नाही हो. पियानोवाल्या बाईंची पानं उलटते. पानं उलटायला काय छाती लागते?" खर्ज तिला गाडीनं घरी सोडू लागला. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा जिना, ती दोघं चढत यायची, प्रत्येक वळणावर थांबायची. चष्मेवाला वर दार उघडून उभा असे. प्रत्येक वळणावर खर्ज काहीतरी सांगे, ती हसे, तोही हसे, आणि त्याचं ते खालून येणारं हसू कठड्याच्या लोखंडातून थेट चष्मेवाल्याच्या तळहाताला लागे. केवढा श्वास असेल त्या माणसाजवळ! एका दमात सबंध ओळ ओढणारा. आपल्या बायकोला जे मिळत नाही ते या माणसाकडे पोत्यानं पडून आहे, आणि तो ते तिच्यासमोर हसण्यावारी उधळतो, याचा त्याला मनापासून संताप यायचा. तो स्वतः तिला घेऊन चढे तेव्हा दोन पायऱ्या वर उभा राहून म्हणायचा, "बस. थांब. घाई नको." त्यावर ती कधी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

नमुना घेतला तीही तालमीचीच संध्याकाळ. नळी घरी आली होती, वर छोटंसं नरसाळं, आणि आत औषध भरलेलं झाकण वेगळं. अर्धा तास आधी काही खायचं नाही, प्यायचं नाही. ती आली तेव्हा गाल तापलेले होते. "तिकडे काही घेतलं नाहीस ना?" त्यानं विचारलं. "काही नाही," ती म्हणाली आणि हसली. त्या वेळी त्या हसण्यात त्याला काही दिसलं नव्हतं. आता तेच हसू तो पुन्हा पुन्हा भिंगाखाली धरू लागला, आणि भिंगाखाली धरलं की कुठलीही काच चरे दाखवतेच. अर्ध्या तासानंतर दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली. लघवीच्या गोळ्यांनी तिचं तोंड सदा कोरडं, लाळ काही सुटेना. "लिंबू आठव," तो म्हणाला. आठवून भागेना तेव्हा त्यानं खरंच लिंबू आणून तिच्या नाकासमोर कापलं. एका हातानं तिची हनुवटी उचललेली, दुसऱ्या हातानं नळी धरलेली, तासभर तसाच वाकून उभा राहिला. थेंब थेंब जमत होतं, फेसच जास्त. मध्येच तिला हसू फुटलं. "काय वेळ आलीय हो तुमच्यावर, बायकोची थुंकी राखत बसलाय." तोही हसला होता, ओठांतल्या ओठांत. इतक्या वर्षांत तिचा चेहरा इतका वेळ त्याच्या हातात राहिला नव्हता. त्या संध्याकाळी तो सुखी होता, आणि आता त्याला वाटू लागलं की त्याच घटकेला तिसरा माणूस टेबलाशी बसलेला होता, नळीत, फेसात.

फोनचं त्यानं तिला सांगितलं नाही. आज सांगू म्हणून घरी जायचा, आणि दार उघडताच तिच्या ओठांकडे बघायचा. जरा कळू दे, मग सांगू. आधी कळलं पाहिजे. प्रयोगशाळेच्या मुलीचा पुन्हा फोन आला तो त्यानं वाजू दिला. "रिपोर्टाचं काही कळलं का हो?" बायको विचारायची. "वेळ लागतो त्याला," तो म्हणायचा, आणि ती मान डोलवायची, कारण औषधाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा हे त्या घरात ठरून गेलेलं होतं. एका संध्याकाळी त्यानं दुकान लवकर बंद केलं आणि तालमीच्या जागी गेला. दाराला काचेचा लहानसा चौकोन होता, त्यातून बघितलं. ती पियानोशी उभी होती. पानं उलटत होती खरी. पण तोंड उघडं होतं. सगळे गात होते आणि ती आवाज न काढता त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती, लांब सूर आला की भुवया उंचावून तोही तोंडात धरत होती. घरी तिचा असा चेहरा त्यानं बघितला नव्हता. मध्ये थांबले तेव्हा खर्जानं आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि ती तोंड लावून प्यायली. चष्मेवाला त्या बाटलीकडे बघत राहिला. ही बाटलीच असेल, एवढंच असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण आश्चर्य म्हणजे त्या विचारानं त्याला बरं वाटलं नाही. त्याला त्या बाटलीचाच मत्सर वाटला, आणि त्याहून जास्त त्या न निघालेल्या सुरांचा. तो तिला न भेटताच परत फिरला.

दरम्यान तिचे पाय सुजू लागले होते. संध्याकाळी मोजा काढला तरी त्याच्या कडेचा वण सकाळपर्यंत राहायचा. तो वण त्याला दिसत होता, न दिसायला तो काही आंधळा नव्हता. तिनं आणखी एक उशी मागितली, ती त्यानं दिली. मग ती खुर्चीतच बसून झोपू लागली, तेव्हा त्यानं खुर्चीला गादी बांधून दिली. सगळं केलं, तेवढं एक सोडून. उद्या नेऊ, असं तो रोज ठरवायचा, आणि रोज वाटायचं, नेलं तर दुसरी नळी स्वच्छ निघेल, आणि मग तो पहिला कोण होता ते जन्मात कळणार नाही. माणूस कुठल्या कुठल्या गोष्टींना चिकटून बसतो याला सुमार नाही. तिचा श्वास एकीकडे आणि ही उत्सुकता एकीकडे, आणि तराजू हातात धरून तो ढिम्म उभा.

आणि एक दिवस खर्जच दुकानात आला. "हल्ली अक्षरं पुसट दिसतात," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली. चष्मेवाल्यानं चाचणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि वाकला. या धंद्यात परक्या माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं की त्याचा श्वास आपल्या हनुवटीवर येतो. त्यानं खर्जाचे ओठ बघितले. जाड, कडेला जरा फुटलेले, साधे ओठ. एक काच घातली. "आता बरं, की आधी?" "आधी." दुसरी घातली. "आता?" खर्जानं फ्रेम नाकावरून जरा खाली सरकवली. मग म्हणाला, "वहिनी आता पहिल्याच वळणावर खाली बसतात हो. परवा तर डोळे मिटून घेतले. मला भीती वाटते. तुम्हाला सांगत नाहीत त्या. म्हणाल्या, ह्यांना कळलं तर तालीम बंद करतील." चष्मेवाल्याच्या हातात काच तशीच राहिली. "मी आपला दमल्याचं नाटक करतो," खर्ज म्हणाला, "वळणावर मीच आधी हाश्शहुश्श करतो, म्हणजे त्यांना थांबायला लाज वाटत नाही. पण परवा नाटकाला जागाच राहिली नाही. त्या तपासणीचं काय झालं? सारख्या सांगत असतात, ह्यांनी तासभर नळी धरली, लिंबू कापलं, अगदी पोरीसारखं केलं म्हणून." अगदी पोरीसारखं. हे तिनं त्याला सांगितलं होतं, यालाच सांगितलं होतं, आणि कुणाला नाही. मत्सर तिथेही होताच, पण त्याच्या खालून भीती वर आली आणि तिनं सगळ्याला बाजूला सारलं. त्यानं खर्जाला नंबर अगदी बरोबर काढून दिला, दोनदा तपासून. मग दुकानाला कुलूप लावलं आणि बायकोला घेऊन थेट प्रयोगशाळेत गेला.

तिथे सगळं पांढरं आणि नीटनेटकं होतं. बायको खुर्चीत बसून श्वास गोळा करत होती. मुलीनं नवी नळी आणली, आणि चष्मेवाल्यानं ती सवयीनं स्वतःच पुढे होऊन घेतली. एका हातानं बायकोची हनुवटी उचलली, दुसऱ्यात नळी धरली, आणि हात दोनच असल्यामुळे झाकण ओठांत धरलं. "काका!" मुलगी ओरडली. "झाकण तोंडात काय धरताय?" तो तसाच थांबला. ओठांवर गार प्लास्टिकची गोल कड होती, मोहरीएवढ्या दोन स्क्रूंच्या जागी, आणि त्या कडेची त्याच्या ओठांना ओळख होती. "ती त्यांची जुनी खोड आहे," बायको दम घेत म्हणाली. "मागच्या वेळीही तसंच धरलं होतं, तासभर. स्क्रूसुद्धा धरतात. मी नेहमी म्हणते, एक दिवस गिळाल." मुलगी कपाळावर हात मारून हसू लागली. "म्हणजे काखेत कळसा! सापडला आमचा दुसरा माणूस." "कोण दुसरा माणूस?" बायकोनं विचारलं. "अहो काकू, नळीत पुरुषाची लाळ निघाली होती ना. फोनवर सांगितलं की काकांना, तेव्हाच. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या दिवशी याल." बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत त्यानं एकेक गोष्ट पोचताना बघितली, 'वेळ लागतो त्याला' ही थाप, उशा, खुर्चीला बांधलेली गादी, मग तिची नजर आपल्याच सुजलेल्या पावलांवर गेली आणि परत वर आली. "तुम्हाला कोण वाटलं होतं?" तिनं विचारलं. त्यानं झाकण ओठांतून काढून मुठीत घेतलं. मुलीनं त्याच्या हातातली नळी काढून घेतली आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं.

त्यानंतर ती त्याच्याशी औषधापाण्यापुरतं बोलायची. रागावली असती तर बरं झालं असतं. रिपोर्ट आला. तिचं शरीर ती गोळी मोडून टाकणाऱ्यांतलंच निघालं, अगदी पहिल्या रांगेतलं. डॉक्टर कागदावरून मान वर करून म्हणाले, "इतकी वर्षं दिलेली ही गोळी यांच्या हृदयापर्यंत धड पोचलेलीच नाही." चष्मेवाल्याला रोजची सकाळ आठवली, तिच्या तळव्यावर ठेवलेली ती पांढरी टिकली, आणि त्यावरचा आपला विश्वास. डॉक्टरांनी गोळी बदलली. पाणी काढायला तिला काही दिवस दवाखान्यात ठेवलं. तिला घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आला असतात तर हे दवाखान्याचं टळलं असतं." ती चष्मेवाल्याच्या बाजूनं काही बोलली नाही, आणि विरुद्धही बोलली नाही.

घरी आणली त्या दिवशी जिना पुन्हा तोच. ती कठडा धरून चढत होती आणि तो या वेळी तिच्याच पायरीवर होता. पहिलं वळण ती न थांबता ओलांडून गेली. त्याला वाटलं, आता हिला श्वास मिळेल, आणि श्वास मिळाला की ही गाईल, त्यांच्यात उभी राहून, तोंड उघडून, आवाजासकट. ते त्याला हवं होतं आणि सहन होत नव्हतं, दोन्ही एकदमच. दुसऱ्या वळणावर ती थांबली. दम फारसा लागलेला नव्हता. ती आपली त्याच्याकडे बघत उभी राहिली, त्या टेबलाशी बघत होती तशी, अगदी जवळून.

"कोण असणार होतं हो दुसरं?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत जवळ आलात ते असे. नळीतून."

त्याला वाटलं होतं की तो माणूस कोण ते कळलं की सुटू. पण आता त्याला त्या माणसाचाच हेवा वाटत होता, त्या वेड्याचा, जो तासभर तिचा चेहरा हातात धरून उभा होता आणि नकळत तिच्यात मिसळून गेला होता. ती उत्तराची वाट बघत थांबली होती. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. तोंडात काहीही नव्हतं, तरी त्याला बोलता येईना.